तुम्ही मूळचे कुठले?

1985 साली बँकेच्या नोकरीसाठी वर्ध्याहून पुण्यात आलो, तो इथलाच झालो. लग्न नारायण पेठेतल्या मुलीशी, घर कोथरूडला, आणि गुडघे झिजले तेही इथल्याच चढांवर. तरी अजून एखाद्या लग्नात शेजारच्या पाटावरचे गृहस्थ मठ्ठ्याचा घोट घेत सहज विचारतात, "तुम्ही मूळचे कुठले?" नुसतं 'कुठले' म्हणाले असते, तर कोथरूड सांगून सुटता आलं असतं. 'मूळचे' लागलं की पत्ता चालत नाही, खणावं लागतं. "वर्ध्याचा," मी सांगतो. "तरीच," ते म्हणतात आणि जिलबीकडे वळतात. तरीच काय, ते चाळीस वर्षांत मला एकानेही सांगितलेलं नाही.

त्यामुळे दिवाळीनंतरच्या एका रविवारी सकाळी साडेसहाला, वेताळ टेकडीच्या एका उतारावर, सव्वीस-सत्तावीस वर्षांची एक मुलगी दिसेल त्या झाडाला हाच प्रश्न विचारत चालली होती, तेव्हा माझे कान टवकारले गेले.

तिथे मी आपण होऊन गेलो नव्हतो. बायकोच्या मैत्रिणींच्या गटात निरोप आला होता: 'देशी वनस्पती आणि अधिवास पुनरुज्जीवन. प्रत्यक्ष पाहा, हातभार लावा. पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी, पाणी.' बायको म्हणाली, "तुम्ही नाहीतरी टेकडीवर जाताच. एक दिवस डोळे उघडे ठेवून जा." मला 'अधिवास' या शब्दाने अडकवलं. अधिवास म्हटलं की मला जंगल आठवत नाही, तहसील कचेरी आठवते. मुलाच्या प्रवेशाच्या वेळी 'वय, अधिवास व राष्ट्रीयत्व' या नावाच्या दाखल्यासाठी मी तीन चकरा मारल्या होत्या. आता त्या दाखल्याचं पुनरुज्जीवन करायला टेकडीवर का बोलावतात, हे बघावं म्हटलं.

आम्ही बारा-तेरा जण होतो. निम्म्यांनी नवे बूट घातले होते, उरलेल्यांनी जुने सल्ले आणले होते. माझ्यासारखे टेकडीचे नेहमीचे लोक ओळखू येतात. त्यांना झाडं माहीत नसतात, पण कुठल्या वळणावर कोण भेटतं ते पाठ असतं. गेली वीस वर्षं मी या टेकडीवर चालतोय. वर वेताळाचं देऊळ आहे, जुन्या खाणीत पाणी साठतं, मोर ओरडतात आणि शहरातली ही सगळ्यात उंच जागा आहे, एवढं माझं टेकडीविषयीचं ज्ञान. झाडं हिरवी असतात, असं माझं ढोबळ मत होतं.

"काका, हे झाड ओळखता?" मुलीने पहिला चेंडू माझ्याकडेच टाकला.

ते झाड मी वीस वर्षं बघत होतो. फेब्रुवारीत त्याची पानं झडतात आणि काड्याकाड्यांवर फिकट गुलाबी फुलांचे घोस लागतात. तेव्हा तरुण मंडळी त्याखाली उभी राहून फोटो काढतात आणि खाली 'पुण्याचं चेरी ब्लॉसम' असं लिहितात. माझाही एक फोटो आहे. मी म्हणालो, "चेरीसारखं काहीतरी."

"ग्लिरिसिडिया," ती म्हणाली. "मराठीत गिरिपुष्प. आणि उंदीरमारी."

एकाच झाडाची ही दोन नावं ऐकून मला मौज वाटली. एक नाव लग्नपत्रिकेत छापायचं आणि दुसरं भाऊबंदांनी मागे वापरायचं. त्याच्या बिया-साली उंदरांना मारायला वापरत, म्हणून शास्त्रीय नावाचाही अर्थ तोच. मूळचं कुठलं? मेक्सिको आणि मध्य अमेरिका. तिथे म्हणे कोकोच्या बागांना सावली देण्याचं काम करायचं. इथे टेकड्या उघड्याबोडक्या पडल्या होत्या, लवकर वाढणारं काहीतरी हवं होतं. याची फांदी खोचली तरी जगते, तोडलं तर दुप्पट फुटतं आणि गुरं-शेळ्या सहसा तोंड लावत नाहीत. सरकारी लागवडीला यापेक्षा गुणी उमेदवार कुठे मिळणार? बदलीवर आलं आणि इथेच कायम झालं. शेंगा वाळल्या की तडकून बिया लांब उडवतात, त्यामुळे पुढची भरतीही त्याने स्वतःच करून टाकली.

हे ऐकताना मी थोडा अस्वस्थ होतो, हे कबूल करायला हवं. परगावहून आलेला, नोकरीसाठी आणलेला, चिवट, इथेच पोरंबाळं झालेला. मला वाटलं, आता ती पुढे होऊन म्हणणार, "तरीच."

ती तसं म्हणाली नाही. तिने ग्लिरिसिडियाचं एक पान तोडून माझ्या हातात दिलं आणि शेजारच्या कुठल्याशा झुडपाचं दुसरं. "काही फरक दिसतो?"

दिसत होता. पहिलं पान गुळगुळीत, इस्त्री केल्यासारखं. दुसऱ्याची चाळण झाली होती. भोकं, कुरतडलेल्या कडा, एका कोपऱ्यात कुणीतरी गुंडाळी करून घर थाटलेलं. आयुष्यभर मंडईत मेथीची जुडी उलटीसुलटी करून बिनभोकाची पानं निवडलेला माणूस मी. म्हणालो, "हे पहिलं चांगलं आहे."

"तुमच्यासाठी, काका. अळीसाठी नाही. या पहिल्या पानावर कुणी जेवायला बसत नाही. तिथे पंगतच नाही."

मग तिने रुईचं एक झुडूप दाखवलं. तेच ते, शनिवारी मारुतीला ज्याच्या पानांची माळ घालतात. त्याच्या पानाखाली पट्ट्यापट्ट्यांची एक अळी मुकाट्याने चरत होती. रुईचा चीक विषारी, म्हणून दुसरं कुणी सहसा वाटेला जात नाही. ही अळी तो पचवते, अंगात साठवते आणि पुढे प्लेन टायगर नावाचं फुलपाखरू होऊन उडते. एखाद्या पक्ष्याने चुकून एकदा खाल्लं की तो पुन्हा नाव काढत नाही. हे झाड, ही अळी, हा पक्षी असा तिघांचा करार होऊन इतकी हजार वर्षं लोटली आहेत की कागद कुणाकडेच नाहीत. "मूळचं म्हणजे हे," ती म्हणाली. "कधी आलं ते नाही बघायचं. त्याच्याकडे कोण कोण येतं-जातं, ते बघायचं."

माझ्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक कुटुंब अठ्ठावीस वर्षं राहतंय. दारापुढे रांगोळी, सोसायटीची वर्गणी वेळेवर. पण त्यांच्याकडे आजवर कुणी विरजण मागायला गेलेलं नाही, आणि ते कुणाकडे आलेले नाहीत. तेव्हा मला ग्लिरिसिडिया कळला.

तिथून पुढे तिच्या संस्थेने तीनेक एकरांचा तुकडा राखलेला होता. उतारावर आडवे चर खणलेले, रोपांभोवती आळी, आळ्यांत पालापाचोळ्याचं आच्छादन. रोपं कमरेएवढीसुद्धा नव्हती. नावं मात्र भारदस्त: सालई, मोई, गणेर, वारस, धावडा, मेडशिंगी, हिवर. एखाद्या जुन्या वाड्याच्या भाडेकरूंच्या पाट्या वाचाव्यात, तसं वाटलं. यांपैकी एकाही झाडाला मी झाड म्हणून ओळखत नव्हतो, पण निम्मी मंडळी घरातली निघाली. धावडा म्हणजे ज्याचा डिंक बायको दर थंडीत माझ्या गुडघ्यांसाठी लाडवांत घालते, तो. मुरुडशेंग म्हणजे मुलाच्या बाळगुटीत उगाळलेली, स्क्रूसारखा पीळ असलेली, ती. इथे ती चक्क झुडपाला लटकत होती. मला ती कायम काष्ठौषधीच्या दुकानातल्या पुडीतच उगवते असं वाटत आलं होतं.

आणि आपटा. आपट्यापाशी गटातल्या सगळ्यांनी एकदम आवाज केला, कारण आपटा तर आपण सगळे ओळखतो. नाही ओळखत. महिन्याभरापूर्वी दसऱ्याला आम्ही सगळ्यांनी एकमेकांना सोनं म्हणून जे मोठं, मऊ, सुबक पान दिलं होतं, ते कांचनाचं होतं. आपट्याचं पान लहान, जाडसर आणि खरखरीत. म्हणजे मी दरवर्षी साहेबांपासून सासऱ्यांपर्यंत सगळ्यांना खोटं सोनं वाटत आलो, आणि त्यांनीही मला तेच परत केलं. हिशेब जुळतो, एवढंच समाधान. गटातल्या एका बाई म्हणाल्या, "बरं झालं, निदान खऱ्या आपट्याची झाडं तरी वाचली." त्यावर मुलगी म्हणाली की तीही ओरबाडली जातातच. लोक चुकतात, पण चुकूनसुद्धा पुरेसं चुकत नाहीत.

मग काम. टिकाव, पहार, घमेली निघाली. तुकड्याच्या कडेची ग्लिरिसिडियाची छोटी रोपं मुळासकट काढायची होती. आमच्यात एक सत्तरीपुढचे आजोबा होते, पांढरी टोपी, खिशाला पेन. आतापर्यंत ते एक शब्द बोलले नव्हते. मुलीने त्यांच्या हातात खुरपं दिलं. त्यांनी ते घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाले, "यातली काही मी लावलेली आहेत."

सगळे थांबले.

कॉलेजात असताना ते श्रमदानाला आले होते. माणशी चार रोपं आणि एक केळं. पुढचे दोन उन्हाळे त्यांनी आणि त्यांच्या मित्राने रविवारी खालून डबे भरून पाणी आणलं. "पाऊलवाटही नव्हती तेव्हा," ते म्हणाले. "वर एक झाड दिसायचं नाही. पेपरात आलं होतं, टेकडी हिरवी करणार म्हणून." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, तेच जास्त अवघड होतं. "सगळीच काढणार का?"

मुलगी क्षणभर गोंधळली. मग तिने त्यांना सांगितलं की नाही आजोबा, मोठी झाडं एकदम नाही काढत. हळूहळू छाटतो. तोवर त्यांच्या सावलीत आमची रोपं उन्हाळा काढतात, आणि त्यांचाच पाला आळ्यांत घालतो. खत म्हणून तो उत्तमच असतो. आजोबांनी ऐकून घेतलं. नंतर वाकून एका रोपाला हात घातला. ते सुटेना. तरुण मुलगा आला, पहार आली, दगड हलला, तरी मूळ तसूभर सरकेना. शेवटी तिघांनी मिळून उपटलं तेव्हा आजोबा मागच्या मागे बसले, कपड्यांची धूळ झटकली आणि मोठ्या अभिमानाने म्हणाले, "चिवट आहे. माझंच असणार."

चहाच्या वेळी वाद झाला. तो होणारच होता, पुणेकर बारा जण आणि थर्मास दोन. एका गृहस्थांचं म्हणणं, सगळी परदेशी झाडं हाकला. मुलीने त्यांना विचारलं, चिंच ठेवायची का? म्हणाले, चिंच तर आपलीच. चिंच मूळची आफ्रिकेतली. हजारो वर्षांपूर्वी आली. अरबांनी तिला 'हिंदचा खजूर' म्हटलं, तेच नाव युरोपात गेलं, आणि 1753 साली लिनियसने तिच्या नावापुढे 'इंडिका' लावून टाकलं. बघा, मी तीन चकरा मारल्या, आणि चिंचेला लांब स्वीडनमध्ये बसल्या बसल्या अधिवासाचा दाखला मिळाला! पण आता तिला कोण बाहेरची म्हणेल? पारावर ती, आमटीत ती, भुताच्या गोष्टीत तीच. सून परगावचीच असते; ती नांदली की संपलं. नांदणं हा शब्द वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात नाही, तिथे असायला हवा होता. गुलमोहर मादागास्करचा, तो अजून पाहुण्यासारखा वागतो, मे महिन्यात येऊन झगमगाट करून जातो. सीताफळ अमेरिकेकडचं, पण नाव असं घेतलंय की विचारायची सोय नाही. आणि काही मंडळी नांदायला येतच नाहीत, घर बळकवायला येतात.

त्या मंडळींचा म्होरक्या आमच्या पायाशीच उभा होता: गाजरगवत. काँग्रेस गवत किंवा चटकचांदणी म्हणा, खाज तीच सुटते. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर हे शिरलं असं सांगतात, आणि देशात त्याच्याकडे पहिल्यांदा लक्ष गेलं ते 1955 साली, पुण्यात. गेल्या सत्तर वर्षांत ते बहुतेक सगळ्या देशात पोचलं. पुण्याने देशाला काय काय दिलं, याची यादी इथल्या प्रत्येक व्याख्यानमालेत होते. त्यात हे नाव मी अजून ऐकलेलं नाही. ते मी बोलून दाखवलं. गृहस्थांनी कप खाली ठेवला आणि विचारलं, "आपण मूळचे कुठले?"

पण मूळचं कोण हे ठरवायचं कसं? त्यालाही जुना सातबारा लागतो. तो लिहिला थिओडोर कूक नावाच्या इंजिनिअरने. रेल्वेच्या कामावर हिंदुस्थानात आलेला हा माणूस पुढे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचा, म्हणजे नंतरच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा, प्राचार्य झाला. आणि 1901 ते 1908 या काळात त्याने मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींची नोंदवही भागाभागाने छापली. कुठल्या डोंगरावर काय उगवतं, कुणाला दिसलं, स्थानिक नाव काय. आजही टेकडीवरची ही मुलगी अडली की त्यातच बघते. आपल्या टेकडीवर मूळचं कोण, हे सांगायला आयर्लंडहून माणूस यावा लागला. मला हे फार आवडलं. मी दोनदा गालात हसलो.

खरी गंमत त्यानंतर. तुकड्याच्या वरच्या बाजूला झाडं नव्हतीच, नुसतं गवत. कमरेइतकं, सोनेरी, वाऱ्यावर एका बाजूला झुकणारं. मी म्हणालो, "इथे अजून लावायची राहिलेली दिसतात."

"इथे झाडं लावायचीच नाहीत, काका. हेच राखायचं आहे." या टेकड्यांचा मोठा भाग मुळात माळच होता. गवत आणि त्यात विखुरलेली थोडी झाडं. कुसळी, पवन्या, मारवेल. चंडोल जमिनीवरच घरटं करतो, त्याला झाड नको, आडोशाला गवत हवं. आपण मात्र गवत दिसलं की 'ओसाड' म्हणतो, कागदावर 'पडीक' लिहितो आणि जूनमध्ये खड्डे खणायला जातो. आमच्या सोसायटीच्या मागची मोकळी जागाही दर वर्षी 'साफ' होते. ठरावाला अनुमोदन माझंच असतं. त्या गवतातून मी गपचूप चालत राहिलो.

चालताना पायाला टोचायला लागलं. बघतो तर पायमोज्यांना शेकड्याने कुसळं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, ही म्हण आयुष्यभर वापरली. कुसळ मात्र पहिल्यांदाच जवळून बघत होतो. पुढे सुईसारखं टोक, त्यावर मागे वळलेली लव, आणि मागे काळसर, पीळ घातलेली लांब शेपटी. मुलीने त्यातलं एक काढलं, तळहातावर ठेवलं आणि बाटलीतलं पाणी टाकलं. थोड्या वेळाने ती शेपटी आपोआप वळवळू लागली, पीळ उलगडत, घड्याळाच्या काट्यासारखी. ओल लागली की पीळ उलगडतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यात बी स्वतःच जमिनीत गिरमिटासारखं घुसतं. टिकाव नको, पहार नको, श्रमदान नको, केळंही नको. आजोबा चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हे आम्हाला तेव्हा कुणी दाखवलं असतं तर."

घरी आल्यावर गॅलरीत स्टुलावर बसून मी कुसळं उपटायला लागलो. पाऊण तास गेला. बायको म्हणाली, "अहो, ते मोजे टाकून द्या, नवे घ्या." मी म्हणालो, "अगं, अधिवास आहे तो." तिने माझ्याकडे बघितलं आणि चहा ठेवायला गेली. निघालेली कुसळं कचऱ्यात टाकवेनात, म्हणून गॅलरीत मेलेल्या शेवंतीची कुंडी होती, तिच्यात टाकली आणि विसरलो.

जुलैत त्या कुंडीत आठ-दहा हिरवी पाती आली. बायकोने वाकून बघितली. उपटायला हात पुढे केला, थांबवला, आणि नारायण पेठेत पिढ्यान्‌पिढ्या मुरलेल्या सुरात विचारलं, "हे काय आहे? मूळचं की बाहेरून आलेलं?"

"मोज्यातून आलंय," मी म्हणालो.